सेहेचाळीस मुली आणि एक टकटक

“तुमच्याकडचा सगळ्यात हिंसक गेम कोणता?”

मी असं विचारल्यावर व्हिडिओ गेमच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या अंगावर इस्त्रीचा फिका निळा ड्रेस होता, हातात वही होती आणि आवाज माझा मुळातच लहान.

“घरी काही झालंय का?” त्यांनी काळजीने विचारलं.

घरी सगळं ठीक आहे, कामासाठी हवाय, असं मी सांगितलं. मुलींना खेळवायचाय. चाळीस मुलींना हा, आणि दुसऱ्या चाळीस जणींना असा गेम, ज्यात कुणी मरत नाही. मामांनी मान वळवून मागे पाहिलं. मागे अर्धा पडदा होता, पडद्यामागून सोल्डरिंगच्या धुराचा वास येत होता, आणि कुणीतरी हसू दाबण्याचा प्रयत्न करत होतं. तो प्रयत्न फसला.

पडदा सरकला. कानामागे स्क्रूड्रायव्हर, हातात उघडलेला कंट्रोलर, आणि डोळ्यांत अजून न संपलेलं हसू.

“मिनिटाला साधारण किती जण मारायचेत?” त्याने विचारलं.

मी खरोखरच विचार केला. “वीस मिनिटांत चाळीस-पन्नास. पण रक्त दिसायला हवं.”

“लाल की हिरवं?”

“फरक असतो?”

“हिरव्याला आई-वडील परवानगी देतात.”

मी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मात्र त्याचं हसू थांबलं आणि तो माझ्या पेनाकडे बघत राहिला... जणू त्याचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मामांनी ओळख करून दिली. हा आमचा भाचा. बिघडलेले गेम दुरुस्त करतो, म्हणून सगळी गिऱ्हाइकं त्याला डॉक्टर म्हणतात. मी म्हणाले, मला डॉक्टर व्हायला अजून दोन वर्षं आहेत, प्रबंध लिहून झाला तर.

“मग तोवर मी थोरला,” डॉक्टर म्हणाला.

माझा प्रश्न साधा होता. मारामारीचे गेम खेळल्याने मुली जास्त आक्रमक होतात का? मुलांवर पुष्कळ काम झालेलं आहे, मुलींवर कमी. पण खरं कारण आमच्या घरात होतं. माझी धाकटी बहीण असे गेम खेळायची. एका रविवारी बाबांनी तिच्या टीव्हीची वायर उपटली आणि म्हणाले, मुलीच्या जातीला हे शोभतं का, उद्या सासरी जाऊन बंदूक काढशील. धाकटी म्हणाली, ते सासरचे कसे आहेत त्यावर आहे. मी हसले, आई हसली, बाबा हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. तू शास्त्रातली ना, मग शास्त्र काय म्हणतं ते सांग, आपण ते मानू. वायर त्यांनी गुंडाळून कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात. ती वायर गेली दीड वर्षं कपाटातच होती.

दोन गेम सारखे कठीण हवेत, असं मी डॉक्टरला समजावलं. एक सोपा आणि एक अवघड असेल, तर मुली चिडतील त्या अवघडपणाने, आणि दोष जाईल बंदुकीला. त्याने बराच शोध घेऊन जोडी लावली. एकात पडक्या कारखान्यात मुखवटेवाल्यांना गोळ्या घालायच्या. दुसऱ्यात पाणी चढायच्या आत नळाचे तुकडे जोडायचे. दोन्हींत छातीचे ठोके सारखेच वाढतात का, हेही पाहायला हवं होतं. नाडी मोजायचं यंत्र विद्यापीठात आमच्या विभागात अजून यायचं होतं, म्हणून पडद्यामागे स्टुलावर बसून मी ती बोटांनी मोजली, त्याच्या मनगटावर. तो खेळायचा, मी घड्याळाकडे बघायची. त्या कोपऱ्यात दुपारी चारला उन्हाची एक तिरपी पट्टी यायची आणि त्याच्या हातावरचे धातूचे बारीक कण चमकायचे.

नळांच्या गेमला चौऱ्याण्णव आले. बंदुकीच्या गेमला पंचाण्णव. आणि गेम सुरू व्हायच्या आधी, नुसतं बसलेलं असताना — अठ्ठ्याण्णव.

“असं होत नाही,” मी म्हणाले. “बसल्यावर कमी हवी. आत्ता जिना चढून आलात का?”

“आमचं दुकान तळमजल्यावर आहे.”

“मग माझं मोजण्यात चुकलं असेल.”

“असेल,” तो म्हणाला. मनगट त्याने मागे घेतलं नाही. “पुन्हा मोजा की.”

एकदा त्याने मलाही खेळायला लावलं. ज्या गेमवर मी प्रबंध लिहिणार तो मी स्वतः खेळू नये, हे त्याला पटत नव्हतं. मी अकरा वेळा मेले. बाराव्यांदा त्या मुखवटेवाल्याने मला पाठीमागून गाठलं, तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघाला, जो आमची आजी फक्त बोक्यासाठी राखून ठेवायची.

“ह्याची नोंद करू का?” डॉक्टरने गंभीरपणे विचारलं.

“एकीवरून निष्कर्ष काढत नाहीत,” मी म्हणाले. माझे कान तापले होते. बाहेर मामा खोकले.

प्रयोगात मुलींना गेमपाशी बसवायला कुणीतरी लागणार होतं, आणि गेमचं यंत्र सांभाळू शकेल असं माणूस हवं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी डॉक्टरला बोलावलं, चार मिनिटं बोलल्या आणि ठेवून घेतलं. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी. मग आम्हा दोघांना समोर उभं करून नियम सांगितला.

पहिल्या खोलीत तो. बंद पाकीट उघडून त्यात निघेल तो गेम मुलीला द्यायचा. वीस मिनिटांनी तिला अकरा पावलांच्या बोळातून माझ्या खोलीपाशी आणून दारावर टकटक करायची, आणि मागे वळायचं. मग ती आत माझ्याकडे. मुलगी कुठला गेम खेळून आली आहे हे मला कळता कामा नये. कळलं, तर माझं वागणं बदलेल. माझं बदललं की तिचं बदलेल. आणि माणसाचा चेहरा काही लपवत नाही, म्हणून शेवटची मुलगी होईपर्यंत आम्ही दोघांनी भेटायचं नाही. इमारतीत नाही, दुकानात नाही, फोनवरही नाही.

“किती दिवस?” त्याने विचारलं.

“ऐंशी मुली,” बाई म्हणाल्या. “दिवस तुम्ही मोजा.”

घंटा लावू या, असं बाई सुचवत होत्या. पण पुढची सगळी परीक्षाच आवाजाची होती, त्याआधी मुलींना दचकवायला नको, म्हणून टकटक बरी, असं मी म्हणाले. तो निर्णय माझा.

माझ्या खोलीत मुलीला हेडफोन लावायचे. पलीकडे आणखी एक मुलगी आहे, तिचं उत्तर चुकलं की तू तिला कर्कश आवाज ऐकवायचा. किती मोठा, ते एकपासून दहापर्यंत तू ठरव. पलीकडे खरं तर कुणी नसे. हे शेवटी सांगितलं की बहुतेक जणी हुश्श करायच्या. एक मात्र नाराज झाली. म्हणाली, मी नऊ नंबरचा दिला होता हो, मनापासून.

तो आठ-दहा आठवड्यांचा काळ मला आता आठवतो तो पाण्याखालून पाहिल्यासारखा. बंद खिडकी, भिंतींवरचा फिकट पांढरा रंग, टेबलावर क्रमांकांची वही. मी बसलेली असे... आणि मग बोळातून पावलं यायची. एक हलकी, एक सावकाश. मग तीन ठोके. दार उघडलं की बाहेर मुलगी एकटीच असायची, आणि बोळाच्या टोकाला त्याचा शर्ट वळताना दिसायचा, कधी करडा, कधी हिरवा. एवढंच. मला वाटायचं, मी नियम पाळते आहे. आईने फोनवर विचारलं, आवाज असा का येतोय तुझा, झोपेतून उठल्यासारखा? मी म्हणाले, काम फार आहे.

सेहेचाळीस मुली झाल्यावर वार्षिक अहवालासाठी तेवढ्यांचे आकडे उघडावे लागले. बाईंनी ते मांडले आणि स्वतः उठून माझ्या टेबलाशी आल्या. नळ जोडून आलेल्या मुलींनी सरासरी पाच पूर्णांक तीनचा आवाज दिला होता. गोळ्या घालून आलेल्यांनी चार पूर्णांक एकचा. मारामारी करून आलेल्या मुली जास्त सौम्य निघाल्या होत्या. उलटं. कुणालाच अपेक्षित नव्हतं असं.

बाईंनी दोन महिन्यांवर आलेल्या परिषदेसाठी शोधनिबंध तयार करायला सांगितलं. मोठी माणसं येतील, म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हे त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा केलं. मी धाकटीला फोन लावला. ती आधी ओरडली, मग म्हणाली, तायडे, ते फ्रेम करून आण, बाबांच्या कपाटावरच लावू.

दुपारी मी ती यादी नीट वाचायला घेतली. सतरावी मुलगी, कुरळ्या केसांची — नळ. मनात आलं, हो, माहीत होतं. अठरावी — बंदूक. हो. एकोणिसावी... मी थांबले. कसं माहीत होतं?

मी पट्टी घेतली. गेमचा रकाना पट्टीखाली झाकला आणि एकेका मुलीचा चेहरा आठवून, तिच्या आधी दारावर काय वाजलं ते आठवून, कागदावर लिहीत गेले. मग पट्टी काढली. सेहेचाळिसांपैकी एकोणचाळीस बरोबर. नुसत्या अंदाजाने तेवीसच्या आसपास यायला हवे होते.

टकटक. बंदुकीच्या गेमनंतर दोन ठोके भराभर पडत, आणि एक श्वासभर थांबून तिसरा. नळांच्या गेमनंतर तिन्ही सारख्या अंतराने. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं; वीस मिनिटं शेजारी बसून त्याची बोटं गेमच्या तालात शिरत असणार, आणि तो ताल बोळातून माझ्या दारापर्यंत येत असणार. आणि मी... मी तो ओळखत होते.

प्रत्येक सत्राचं ध्वनिमुद्रण होतं. मी माझाच आवाज ऐकला. तिन्ही ठोके सारखे पडले असतील तेव्हा मी मुलीला म्हणत होते, “बसा. हेडफोन लावा.” आणि दुसऱ्या प्रकारच्या टकटकीनंतर — “आरामात बसा हं, काही घाई नाही.” माझ्या आवाजात हसू होतं. त्या मुली सौम्य निघाव्यात असं मला वाटत होतं, धाकटीसाठी. म्हणून मी त्यांच्याशी सौम्य होते. त्यांनी फक्त ते परत केलं होतं.

हे आणखी कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. आकडे आकड्यांच्या जागी होते. मी दोन दिवस ते तसेच राहू दिले. निबंधाची पहिली दोन पानंही लिहिली, चांगली झाली होती. तिसऱ्या पानावर लिहायचं होतं, “प्रयोगकर्तीला गटाची माहिती नव्हती.” ते वाक्य मला लिहिता येईना. चार वेळा सुरू केलं. मग पानं घडी करून बाईंच्या खोलीत गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“एकोणचाळीस,” शेवटी म्हणाल्या. “नुसत्या टकटकीवरून.”

“हो.”

“मीही त्याच बोळात बसते. दार उघडं असतं माझं. मला तीन ठोके ऐकू येतात.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “तुला काय काय ऐकू येतं ग?”

फरशीच्या सांध्यात एक टाचणी पडली होती, ती मला फारच स्पष्ट दिसत होती.

बाईंनी सेहेचाळीसच्या सेहेचाळीस मुली बाद केल्या. परिषदेचं राहिलं. पुन्हा पहिल्या मुलीपासून सुरुवात, टकटकीऐवजी दारावर एक दिवा, आणि गेमपाशी बसवायला कुणीतरी दुसरं. चुकांच्या वहीत नोंद कर, म्हणाल्या. मग थोड्या वेगळ्या आवाजात विचारलं, “त्याला मी पत्र पाठवू, की तू सांगतेस? पत्रात कारण द्यावं लागेल. ते मला काही नीट लिहिता येणार नाही.”

मी दुकानात गेले तेव्हा दुपार होती. मामा गल्ल्यावर, पडदा उघडा. डॉक्टर भिंग लावून काहीतरी जोडत होता. त्याने वर पाहिलं आणि हातातला चिमटा तसाच राहिला.

“ऐंशी झाल्या नाहीत अजून,” तो म्हणाला. “मी मोजतोय.”

मी सांगितलं की उद्यापासून त्याने यायचं नाही. त्याचा चेहरा उतरला. चेहरा काही लपवत नाही, हे बाईंचं अगदी खरं होतं.

“माझं काय चुकलं? यंत्र एकदाही बंद पडू दिलं नाही. मुलींशी जास्तीचा शब्द बोललो नाही.”

“तुमची टकटक,” मी म्हणाले, आणि लाकडी फळीवर दोन्ही प्रकार वाजवून दाखवले.

त्याने स्वतःची बोटं अशी पाहिली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती. मला ठाऊकच नव्हतं, असं पुटपुटला. मग त्याने विचारलं, हे सगळ्यांनाच ओळखू येतं का. मी म्हणाले, नाही, बाईंना नाही आलं, त्या तर शेजारीच बसतात.

“मग तुम्हालाच कसं?”

मामा उठले आणि दुकानाची बाहेरची पाटी पुसायला गेले. ती स्वच्छ होती.

“कारण...” मी म्हणाले. कारण मला पाठ होतं, वाटभर मी ते घोकत आले होते, तरी ते आता सुटं सुटं झालं. “तीन दिवस काम असायचं. उरलेले चार दिवस मी त्या टकटकीची वाट बघायची. दुसरं काही ऐकायला नव्हतं तुमचं. मग तेच ऐकलं... नीट ऐकलं.”

त्याने चिमटा हळूच खाली ठेवला.

“प्रयोगकर्तीने असं करू नये,” मी म्हणाले. “मी तशी नोंद केली आहे. चुकांच्या वहीत, कारणाच्या रकान्यात.”

“काय लिहिलंत?”

“प्रयोगकर्तीचं लक्ष.”

“एवढंच?”

“रकाना लहान होता.”

तेव्हा तो हसला. आधी डोळ्यांनी, मग सगळ्या चेहऱ्याने. म्हणाला, त्यालाही एक चूक नोंदवायची आहे. माझ्या खोलीच्या दाराचं बिजागर करकरायचं. एका शनिवारी, इमारतीत कुणी नसताना, त्याने येऊन त्याला तेल घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी त्या दारापाशी जायला काहीतरी निमित्त हवं होतं.

“मला वाटलं, विभागाने केलं,” मी म्हणाले.

“विभाग कधी न सांगता काही करतो का?”

मग त्याने विचारलं, एवढं सगळं करून उत्तर काय आलं? होतात मुली रागीट, की नाही? मी म्हणाले, माहीत नाही. परवापर्यंत मला माहीत आहे असं वाटत होतं. आता खरंच माहीत नाही. त्याने मान हलवली. त्याला ते उत्तर आवडलेलं दिसलं.

“म्हणजे पुन्हा ऐंशी मुली,” तो सावकाश म्हणाला. “आणि तोवर पुन्हा भेटायचं नाही?”

“तो नियम प्रयोगातल्या माणसांना आहे. तुम्हाला काढलंय.”

“काढलंय,” त्याने म्हणून पाहिलं. बक्षीस मिळाल्यासारखा तो शब्द त्याने दोनदा उच्चारला. एवढे दिवस साठवलेलं किती बोलायचं होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. शेवटी त्याने विचारलं, “जेवलात का?”

“नाही,” मी म्हणाले. “दोन दिवस नीट नाही.”

बाहेरून मामांचा आवाज आला, की डबा कपाटात आहे, तिघांना पुरेल, आणि पाटी पुरेशी पुसून झाली असेल तर त्यांनी आत यावं का.

पुढे त्या ऐंशी मुली झाल्या. दोन्ही गटांच्या आवाजांत मोजण्याजोगा फरक सापडला नाही. बाबांना मी तेवढंच सांगितलं. म्हणजे नक्की काही होत नाही ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बाबा, माझ्या ऐंशी मुलींत दिसलं नाही, यापेक्षा जास्त मी सांगणार नाही. त्यांनी खिशातून किल्ली काढली. धाकटीला फ्रेम मिळाली नाही, वायर मिळाली.

पण ते नंतरचं. त्या दुपारनंतर आठवड्याने, सकाळी दहाला, नव्याने पहिली मुलगी आली. बोळात कुणाची तरी अनोळखी पावलं वाजली आणि दारावरचा दिवा लागला, अगदी निःशब्द. मी दार उघडलं. लांब वेणीची, जरा घाबरलेली मुलगी. ती कुठला गेम खेळून आली होती, कुणाला मारून की नळ जोडून, मला काही म्हणजे काही कळलं नाही. “बसा,” मी म्हणाले. “हेडफोन लावा.” आवाज सरळ आला. मी वहीत एक आकडा घातला आणि घड्याळ पाहिलं. एक वाजता खाली पायऱ्यांवर डॉक्टर डबा घेऊन थांबणार होता, आणि त्याने बजावलं होतं की पाच मिनिटं उशीर झाला तर सगळं एकटा संपवीन. मी चार मिनिटं उशिरा गेले. डबा अजून उघडलेलाही नव्हता.